शिवण

कुमुदिनी चुरी, वय एकाहत्तर,
बत्तीस वर्षं चर्नी रोडच्या छापखान्यात, बाईंडिंग खात्यात.
माझ्या टेबलाशी बसल्या, पासपोर्ट काढला:
प्लास्टिकच्या कव्हरात, कव्हर रुमालात,
रुमाल बेसनाच्या जुन्या डब्यात.
डब्यात का, मी विचारलं.
"झुरळं खळ खातात. तुम्हाला नाही कळायचं."

मी बीकेसीत व्हिसाचे फॉर्म भरून देतो.
छत्रीखाली लॅपटॉप, शेजारी झेरॉक्सवाला बिपीन,
समोर काचेची इमारत, तिच्यात आमचीच छत्री, उलट्या बाजूने.
अकरा वर्षं तेच तेच सांगतोय:
परतीच्या तारखेपुढे सहा महिने मुदत हवी,
दोन पानं कोरी हवीत,
नाव तिकिटावर तेच, बँकेत तेच, इथे तेच,
आणि पुस्तिका धड हवी.
फाटकी, भिजलेली, सुटलेली चालत नाही.

मुदत होती.
पानं सगळीच कोरी, आठ वर्षांत शिक्का नाही.
"ह्यांना सिंगापूर बघायचं होतं,"
एवढंच बोलल्या, आणि चष्मा पुसला.
आता सास्काटूनला लेकीकडे, तीन महिने.
फॉर्ममध्ये लिहिलं: तात्पुरती भेट.

मग मधल्या पानावर माझं बोट अडकलं.
दोरा वेगळा होता.
किंचितच. जरा पिवळसर, मेण लावलेला.
टाके मात्र सरकारी टाक्यांपेक्षा सरळ.

"तुम्ही केलंत?"

चेहरा असा उजळला
की मला पुढचं बोलवेना.
"पाठ सुटली होती. यंत्राची शिवण, कच्ची.
सगळी उसवली, त्याच भोकांतून परत घातली,
एक नवं भोक पाडलं नाही.
मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद.
रात्रभर पाटाखाली, वर वरवंटा."

बिपीन म्हणाला, द्या पाठवून, कोणाच्या बापाला कळतंय.
खरं होतं ते.
आणि तिथेच तर घोळ होता.
दुरुस्ती आणि छेडछाड
नियमाला एकाच रकान्यात दिसतात,
काम जितकं सफाईदार, संशय तितका जाड.

"म्हणजे सुटलेला चालला नसता?"
नाही.
"आणि शिवलेला?"
तोही नाही.
बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिल्या.
"पाठवू नका," म्हणाल्या मग.
"कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही.
आणि नाही विचारलं,
तर मीच सांगून बसेन."

नवा काढायचा तर प्रतिज्ञापत्र लागतं:
जुना पासपोर्ट कसा खराब झाला.
"खराब?"
हा शब्द काही केल्या घालू देईनात.
पाऊण तास गेला, मागे दोन गिऱ्हाइकं उठून गेली.
शेवटी लिहिलं, पाठ सुटल्याने मी स्वतः शिवला,
आणि खाली सही, मोत्यासारखी.

सात आठवड्यांनी आल्या, दोन्ही घेऊन.
जुन्याचा कोपरा ऑफिसने कापून दिलेला.
"वाकडा कापलाय. कात्री बोथट त्यांची."
बोटांचे ठसे मशीनवर उमटले नाहीत म्हणे,
चारदा पुसून, ओलं करून, दाबून पाहिलं.
कागदाच्या घड्या घालून घालून
कागदानेच नेलेत ते.
पाचव्यांदा अंगठा तेवढा आला.

व्यवसायाच्या रकान्यात मी 'निवृत्त' टाइप केलं होतं.
त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, तिथे डाग पडला.
"ते काढा. बाईंडर लिहा."

उठताना नवा पासपोर्ट मधोमध उघडला,
नखाने दोरा जरा ओढून बघितला,
कपाळाला आठी.
"हाही कच्चाच आहे."
रुमाल, कव्हर, डबा. झाकण दाबून लावलं.
"दाभण शेजारच्या वर्तकबाईंकडे ठेवून जाते.
घरात असलं
की माझे हात शिवशिवतात."